वहीतून मोबाईलवर

संगणकाची भाषा शिकायची म्हणजे क्लास, क्लासची फी आणि बारामतीची एसटी, असे आमच्या घरात सगळेच धरून चालले होते. निरवांगी हे इंदापूर तालुक्यातले नीरेकाठचे गाव. ऊस आणि दूध यांवर घरे चालतात. काही शिकायचे तर बारामती किंवा इंदापूर गाठावे लागते. मुलग्यांना तो प्रवास चालतो. मुलीचा विषय निघाला की घरातले कुणीतरी परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ विचारते आणि बोलणे तिथेच थांबते.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड. झाले, नोकरीसाठी एमएस-सीआयटी केले. त्यात टायपिंग, तक्ते, ईमेल एवढे जमले. मोबाईलवरचे एखादे पान किंवा अ‍ॅप आतून कसे बनते, हे शिकायला मी त्रेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली. माझ्यासोबत माझी पुतणी होती. ती बारावी कॉमर्स चांगल्या गुणांनी पास झालेली, आणि पुढे काय याचा निर्णय न झाल्यामुळे घरी बसलेली. दोन वर्षांत आम्ही दोघींनी तीन छोट्या गोष्टी बनवल्या. मुलांसाठी शब्दांची यादी, घरासाठी दुधाचा हिशेब आणि शब्द बोलून दाखवणारे एक अ‍ॅप. या तीन गोष्टींनी आम्हाला काय शिकवले, ते वाचक भगिनींना आणि त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगावे, म्हणून हा लेख.

शिक्षकांनी आधी वाट केली आहे

ही वाट आमची नाही. राजस्थानातील अलवरचे इम्रान खान हे सरकारी संस्कृत शाळेत गणित शिकवणारे शिक्षक. संगणकाचे रीतसर शिक्षण नाही. धाकट्या भावाची संगणकाची पुस्तके घरात पडून होती, ती वाचून ते वेबसाइट करायला शिकले. पुढे विद्यार्थ्यांसाठी मोबाईल अ‍ॅप करू लागले आणि अशी पन्नासच्या आसपास अ‍ॅप त्यांनी फुकट दिली. नोव्हेंबर २०१५ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर पंतप्रधानांनी त्यांचे नाव घेतले, तेव्हा देशाला ते माहीत झाले. काम त्याच्या आधीच झालेले होते.

दुसरे उदाहरण आमच्या शेजारचे. इंदापूर तालुका ओलांडून भीमेपलीकडे गेले की सोलापूर जिल्ह्यातला माढा तालुका लागतो. तिथल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातल्या कवितांना आणि धड्यांना क्यूआर कोड जोडले. मूल कोड मोबाईलसमोर धरते आणि कविता ऐकू येते. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

या दोघांच्या कामाकडे शिक्षिका म्हणून पाहताना मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दोघांनीही आधी समोरच्या मुलाची अडचण पाहिली आणि ती सोडवायला लागेल तेवढेच तंत्र घेतले. आम्हीही तसेच ठरवले. पूर्ण अभ्यासक्रम डोक्यावर घ्यायचा नाही. घरात किंवा शाळेत एखाद्या माणसाला खरोखर लागणारी एक गोष्ट निवडायची, ती बनवायची आणि त्या माणसाच्या हातात द्यायची.

शब्दांची यादी

माझे विद्यार्थी घरी दखनी बोलतात, वर्गात उर्दू वाचतात आणि बाजारात मराठी बोलतात. दोन्ही भाषांत सारखे शब्द पुष्कळ आहेत. अर्ज, तारीख, हिशेब, कागद, जमीन, वकील हे मराठी शब्द मुलांना आपलेच वाटतात आणि ते आहेतही. माधव ज्यूलियन यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश काढला, तो याच नात्यामुळे. अडचण होते ती फसव्या शब्दांची. ‘खाली’ म्हणजे उर्दूत रिकामे, मराठीत खालच्या बाजूला. ‘नाव’ उर्दूत होडी, मराठीत नाम. ‘राग’ उर्दूत गाण्याचा, मराठीत संतापाचा. बाईंनी ‘खाली बसा’ म्हटले की पहिल्या आठवड्यात एखादे मूल रिकामा बाक शोधू लागते.

असे शब्द मी वर्षानुवर्षे वहीत लिहून ठेवले होते. ते मोबाईलवर आणायचे ठरले. वेबपेज ज्या खुणांनी लिहितात तिला एचटीएमएल म्हणतात. मजकुरातला हा मथळा, हा परिच्छेद, हा तक्ता, असे ती खूण करून सांगते. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला ती लवकर उमगते. नाम, क्रियापद ओळखायची सवय इथे कामाला येते. रंग आणि आकार सांगणारी सीएसएस ही दुसरी भाषा, आणि बटण दाबल्यावर काय व्हावे हे सांगणारी जावास्क्रिप्ट ही तिसरी. पहिले पान करायला आम्हाला दहा-बारा संध्याकाळी लागल्या.

खरे शिक्षण उर्दूने दिले. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, मराठी डावीकडून उजवीकडे. दोन्ही एकाच ओळीत आल्या की स्वल्पविराम आणि कंस भलत्याच टोकाला उडी मारतात. त्यावर उपाय असा की प्रत्येक भाषेला तक्त्यात स्वतंत्र घर द्यायचे आणि उर्दूच्या घराला दिशा उजवीकडून आहे असे स्पष्ट सांगायचे. नस्तालीक लिपी तिरकी उतरत येते, तिला उंची जास्त लागते. दोन ओळींतले अंतर वाढवले नाही तर अक्षरांचे माथे कापले जातात.

सर्वांत गंमत शोध घेताना आली. एक मूल शब्द टाइप करते, शब्द यादीत डोळ्यांना दिसतो आहे, तरी शोधात सापडत नाही. कारण संगणक अक्षराचे रूप पाहत नाही, त्याचा क्रमांक पाहतो. अरबी कळफलकावरचा ‘काफ’ आणि ‘ये’ यांचे क्रमांक वेगळे, उर्दू कळफलकावरच्यांचे वेगळे. शब्दाच्या मध्ये आल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून शोधण्याआधी दोन्ही रूपे एकच समजावीत असा नियम लिहावा लागला. हे आम्हाला कुठल्याही धड्यात वाचायला मिळाले नव्हते. सहावीतल्या एका मुलीने ‘मॅडम, किताब नाही सापडत’ म्हणून सांगितले, तेव्हा ते शिकायला मिळाले.

दुधाचा हिशेब

दुसरे काम घरातले. आमच्याकडे दूध सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर जाते आणि दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर अशी चिठ्ठी मिळते. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून दर ठरतो आणि फॅट किंवा एसएनएफ वर-खाली झाले की दर बदलतो. चिठ्ठीवरची शाई महिन्याभरात उडते. सासूबाई चिठ्ठ्या डब्यात साठवत आणि बेरीज तोंडी करत.

पुतणी म्हणाली, “चाची, दादीसाठी हेच बनवू या.” कॉमर्स तिचे, त्यामुळे खाते कसे मांडायचे ते तिनेच ठरवले.

इथे संगणकाचा एक स्वभाव कळला. जावास्क्रिप्टला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर उत्तर ०.३ येत नाही; ०.३०००००००००००००००४ असे येते. संगणक आतून शून्य आणि एक या दोनच अंकांत मोजतो, आणि एकदशांश त्या पद्धतीत नेमका बसत नाही. जसे आपल्याला एक तृतीयांश दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, तसेच ते. म्हणून पैशाचा हिशेब रुपयांत न ठेवता पैशांत ठेवायचा. समजा दूध ७.५ लिटर आहे आणि दर ३३ रुपये ४० पैसे. तर ७५०० मिलिलिटर आणि ३३४० पैसे, असे पूर्ण आकडे घ्यायचे. उत्तर २५,०५० पैसे, म्हणजे २५० रुपये ५० पैसे. रुपये फक्त शेवटी, दाखवताना.

दुसरा धडा सासूबाईंनी दिला. त्यांच्या मोबाईलवर मराठी कळफलक आहे, त्या ७ ऐवजी मराठी अंकच टाकणार. जावास्क्रिप्टला देवनागरी अंक हे आकडे म्हणून ओळखू येत नाहीत, त्याच्या लेखी ती अक्षरे आहेत. म्हणून प्रत्येक मराठी अंकाचे रूपांतर करणाऱ्या चार ओळी लिहिल्या. बटणे मोठी केली, कारण गोठ्यातून आलेला हात ओला असतो. ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’ यांच्या जागी सूर्य आणि चंद्र टाकले. सासूबाईंना वाचता येते, पण चष्मा नेहमी घरातच राहतो.

हे करत असताना अल-ख्वारिझ्मी यांची आठवण येणे साहजिक होते. संगणकाच्या जगात पदोपदी येणारा ‘अल्गोरिदम’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. इसवी सन ८२० च्या सुमारास बगदादमध्ये, खलिफा मामून यांच्या काळात, त्यांनी ‘अल-जब्र’ हा ग्रंथ लिहिला आणि बीजगणिताला नाव मिळाले. आपण त्यांना फार वरच्या शास्त्रातले मानतो. पण हा ग्रंथ त्यांनी लोकांच्या रोजच्या गरजेसाठी लिहिला. वारसा, वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी, कालवे खोदणे, या कामांत हिशेब लागतो, असे ते प्रस्तावनेतच सांगतात. ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांच्या उदाहरणांनी भरलेला आहे. नीरा डाव्या कालव्याच्या भागात राहणाऱ्या आणि वाटणीची भांडणे पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दुधाच्या दहा दिवसांच्या हिशेबासाठी नियम लिहिणारी मुलगी त्याच परंपरेतले काम करते आहे, असे मी तिला सांगितले. ती हसली, पण त्या दिवसापासून वही नीट ठेवू लागली.

बोलणारे अ‍ॅप

तिसरी गोष्ट मोबाईल अ‍ॅप. यासाठी आम्ही अ‍ॅप इन्व्हेंटर वापरले. हे साधन २०१० साली गूगलमध्ये सुरू झाले आणि २०१२ पासून अमेरिकेतली एमआयटी ही संस्था ते चालवते. फुकट आहे. कोड लिहावा लागत नाही. ‘हे बटण दाबले की’ हा एक ठोकळा, ‘हा आवाज वाजव’ हा दुसरा, आणि ते एकमेकांत अडकवायचे. मांडणी संगणकाच्या ब्राउझरमध्ये करावी लागते, म्हणून एक जुना लॅपटॉप घेतला. क्यूआर कोड मोबाईलने वाचला की अ‍ॅप लगेच मोबाईलवर चालते. पहिल्यांदा आवाज वाजला तेव्हा घरातली सगळी मुले गोळा झाली.

शब्दांच्या यादीतले शंभर शब्द आम्ही या अ‍ॅपमध्ये घेतले. शब्दावर बोट ठेवले की उर्दू आणि मराठी दोन्ही उच्चार ऐकू येतात. ‘ळ’ आणि ‘ण’ मुलांना जड जातात, तेच शब्द आधी घेतले. आवाज द्यायला वर्गातल्या मुली तयार होत्या. इथे मात्र घरच्यांचा विचार आधी घेतला. मुलींचे फोटो नाहीत, नावे नाहीत, आणि आवाजही आई-वडिलांनी हो म्हटल्यावरच. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला मूल धरले आहे आणि मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची खात्रीलायक संमती मागितली आहे. आमचे अ‍ॅप कुणाचीच माहिती गोळा करत नाही. नोंदणी नाही, मोबाईल नंबर नाही, जाहिरात नाही. मुलींच्या हातातल्या मोबाईलबद्दल आपल्या घरांत जी काळजी असते ती खोटी नाही. पण अ‍ॅप आतून कसे चालते हे जिला कळते, तीच दुसरे अ‍ॅप उघडताना विचारते की याला माझा नंबर कशाला हवा, माझ्या फोटोंची परवानगी कशाला हवी. माझ्या पुतणीने घरातल्या चार मोबाईलवरच्या नको त्या परवानग्या एका दुपारी बंद केल्या.

अ‍ॅप प्ले स्टोअरवर टाकायचे तर एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. शिवाय नोव्हेंबर २०२३ नंतरच्या वैयक्तिक खात्यांना सर्वांसाठी अ‍ॅप खुले करण्याआधी काही लोकांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आधी ही संख्या २० होती, नंतर १२ झाली. आम्ही सध्या शाळेतल्या पालकांनाच अ‍ॅप देतो. शब्दांची यादी आणि दुधाचा हिशेब ही वेबपेजे गिटहब पेजेस या फुकट सोयीवर ठेवली आहेत. तिथे कोड सर्वांना दिसतो, म्हणून घरातला एकही आकडा कोडमध्ये नाही. दुधाच्या नोंदी सासूबाईंच्या मोबाईलमध्येच राहतात. मात्र ब्राउझरचा साठा पुसला तर त्याही पुसल्या जातील, म्हणून दर दहा दिवसांनी त्या फाइलमध्ये उतरवून घेणारे एक बटण ठेवले आहे.

याने काय होणार?

आता मुख्य प्रश्न. माझे जेठ, म्हणजे मुलीचे वडील, सुरुवातीला रोज विचारत, “मोबाईलवर हे बनवून पुढे काय होणार?” त्यांचा प्रश्न योग्यच होता. शेतात राबणारा बाप मुलीच्या दोन वर्षांचा हिशेब मागणारच. मी त्यांना नोकरीचे आश्वासन दिले नाही. तीन छोट्या गोष्टी बनवल्याने कुणी नोकरी देत नाही. नोकरीला पदवी लागते, सराव लागतो, इंग्रजी लागते.

मग एका पगाराला असे झाले की पुतणीच्या हिशेबात आणि केंद्राच्या चिठ्ठीत एका संध्याकाळचा फरक आला, साडेसहा लिटरचा. भाईजान मोबाईल घेऊन केंद्रावर गेले. तिथल्या माणसाने रजिस्टर पाहिले. नोंद दुसऱ्या नंबरासमोर पडली होती. पुढच्या पगारात पैसे जमा झाले. रक्कम लहान होती. पण त्या रात्री जेवताना भाईजान सासूबाईंना म्हणाले, “अम्मी, आता हिशेब हिच्याकडेच राहू दे.” मुलीशी थेट काही बोलले नाहीत. आमच्या घरात शाबासकी अशीच देतात.

त्यानंतर तिने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला प्रवेश घेतला. फी दुधाच्या पगारातून गेली. तिला खरे तर बारामतीला संगणकाची पदवी करायची आहे. तो निर्णय अजून झालेला नाही. भाईजान नाही म्हणत नाहीत, हो म्हणत नाहीत. जूनच्या आत त्यांना सांगावे लागेल. मी त्यांच्या मागे लागलेली आहे आणि हा लेख छापून आला तर तोही त्यांच्यासमोर ठेवणार आहे.

इतर घरांतल्या भाईजानांनाही माझी हीच विनंती. मुलीला पाठवायचे की नाही हे ठरवताना एसटीच्या वेळेसोबत तिने काय बनवले आहे तेही पाहा. ती बोलू शकत नसेल, पण तिने केलेली वस्तू समोर आणून ठेवू शकते. वेळेची अडचण असेल तर त्यातूनही वाट निघते. ओळखीच्या घरातली दुसरी मुलगी सोबत जाऊ शकते, नातेवाइकांकडे राहण्याची सोय होऊ शकते. मुलगी घरी बसून राहिली तर मात्र वर्ष परत येत नाही.

आणि ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडे अनुभवाचे. लॅपटॉप नसेल तर थांबू नका. वेबपेजचा सराव मोबाईलवरच्या साध्या कोड एडिटरमध्येही होतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमात संगणकाचे अनेक विषय छोट्या-छोट्या भागांत, मराठी निवेदनासह, फुकट मिळतात. कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता हाताशी आहेत, ती जरूर वापरा. पण प्रत्येक ओळ काय करते हे विचारून वहीत आपल्या भाषेत लिहून काढा. माझ्या पुतणीची ती वही निम्मी उर्दूत आहे, निम्मी मराठीत. रोज एक तास पुरतो, रोज नसेल तर जुम्मा-रविवार तरी ठरवून घ्या.

विषय शोधायला लांब जाऊ नका. किराण्याची उधारी, भिशीची यादी, आजीच्या गोळ्यांच्या वेळा, शिलाईची मापे, शेळ्यांच्या लसीकरणाच्या तारखा. प्रत्येक घरात अशी एक तरी वही असते, आणि ती वही ठेवणारी बहुधा बाईच असते. त्या वहीचे पहिले पान उघडा, त्यातले रकाने मोजा. तेवढेच रकाने तुमच्या पहिल्या वेबपेजला लागतील. ते झाले की जिची वही आहे तिच्या हातात मोबाईल द्या आणि शेजारी बसून पाहा, तिचे बोट कुठे अडते ते. इन्शाअल्लाह, पुढचा धडा तिथेच सापडेल.